जाळं कोणी ओढलं?

१८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ हे ब्रिटिश जहाज जगभरच्या समुद्रांचे तळ धुंडाळत फिरलं. खोल समुद्राच्या विज्ञानाची सुरुवात बहुतेक जण या सफरीपासून धरतात. पण चॅलेंजर हिंदी महासागराच्या दक्षिणेकडूनच पुढे निघून गेलं. अरबी समुद्र त्याच्या वाटेत आलाच नाही. आपल्या किनाऱ्यासमोरच्या खोल पाण्यात काय आहे, हा प्रश्न तसाच राहिला.

तो हाती घेतला ‘इन्व्हेस्टिगेटर’नं. हे लाकडी जहाज १८८१ साली मुंबईच्या गोदीत बांधलं गेलं. दोन्ही बाजूंना चाकं असलेली ही आगबोट सरकारच्या सागरी सर्वेक्षण खात्याची होती. तिचं खरं काम नकाशांचं. कुठे किती पाणी, कुठे खडक, कुठे बोट फसेल, हे मोजायचं. पावसाळ्यात बंदर आणि उघडीप झाली की समुद्र, असा तिचा वर्षाचा क्रम होता. शास्त्र हा या कामातला जोडधंदा. जहाजावर एक डॉक्टर असे. त्यानं माणसांची दुखणीही बघायची आणि समुद्रातले जीवही गोळा करायचे. अशा डॉक्टरांपैकी आल्फ्रेड अल्कॉक १८८८ ते १८९२ या जहाजावर होता. पुढे १९०२ साली त्यानं त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं.

आता हे जीव वर यायचे कसे, ते बघा. समजा, पाणी हजार वाव खोल आहे, म्हणजे साधारण अठराशे मीटर. जाळं तळाला टेकून घासत जायला हवं असेल तर पोलादी दोर त्याहून बराच जास्त सोडावा लागतो. मग जहाज अगदी सावकाश चालवायचं. जास्त वेग घेतला तर जाळं तळावरून उचललं जातं, आणि दोर खडकात अडकला तर तुटतो. सोडायला आणि ओढायला कित्येक तास लागतात. वाफेचं यंत्र दोर गुंडाळतं, पण ताण किती आलाय, दोर कुठे घासतोय, लाट आली की किती ढील द्यायची, हे माणसालाच कळतं. दोर तुटला तर दिवसभराची मेहनत तळाला जाते.

ही माणसं कोण होती? हे जहाज ज्या सरकारी आरमाराचं होतं त्याला १८९२ पासून ‘रॉयल इंडियन मरीन’ म्हणू लागले. त्याचे खलाशी फार मोठ्या प्रमाणात एकाच जिल्ह्यातून येत, तो म्हणजे रत्नागिरी. त्यातही कोकणी मुसलमान जास्त. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजच्या सिंधुदुर्गाचा बराच भागही होता. खाडीत होडी हाकत मोठी झालेली ही पोरं मुंबईला येत आणि जहाजावर चढत. खलाशांवर तांडेल आणि तांडेलावर सारंग, अशी त्यांची उतरंड. डेकवर हिंदुस्तानी, पोर्तुगीज, इंग्रजी आणि इतर कित्येक भाषांची सरमिसळ असलेली बोली चाले. गोरे अधिकारी ती शिकल्याशिवाय काम करून घेऊ शकत नसत. म्हणून १८११ सालीच थॉमस रोबकनं जहाजी शब्दांचा कोश कलकत्त्यात छापला होता.

जाळ्यातून काय काय आलं! ओल्या दगडाखाली एक किडा सापडतो, हात लावला की गोळी होणारा. त्याचा वीतभराहून मोठा सागरी भाऊबंद ‘बॅथिनोमस’ बंगालच्या उपसागरातून वर आला. आंधळे मासे, काटेरी कोळंब्या, काचेसारखे स्पंज आले. सगळं मद्यार्कात बुडवून कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये जाई. तिथे ए. सी. चौधरी आणि एस. सी. मंडल हे चित्रकार त्यांची चित्रं काढत. इतकी बारीक, की ती आजही अभ्यासाला चालतात. चित्रांखाली दोघांची नावं छापलेली आहेत.

प्राण्यांना लॅटिन नावं मिळाली. काहींच्या नावात ‘इन्व्हेस्टिगेटोरिस’ आहे, म्हणजे जहाजाचं नाव. काहींच्या नावात अल्कॉक आहे. यात कुणाचं कारस्थान नाही. प्रजातीचं वर्णन जो छापतो तो नाव ठेवतो, हाच नियम. पण नियम साधा असला तरी त्याचा परिणाम साधा नाही. चित्रकाराला पानाच्या तळाशी ओळभर जागा मिळाली. दोर धरणाऱ्या हातांसाठी मात्र त्या नियमात जागाच नव्हती. बाटलीवरच्या चिठ्ठीत ठिकाण येतं, खोली येते, तारीख येते, जहाज येतं. सारंग येत नाही.

या जहाजावरची परंपरा पुढे गेली. म्युझियममधल्या संग्रहातून १९१६ साली भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था उभी राहिली. ‘इन्व्हेस्टिगेटर’ नावाच्या पुढच्या जहाजावर डॉक्टर म्हणून काम केलेला सेमूर सेवेल तिचा संचालक झाला. १९३३ साली ‘मबाहिस’ या इजिप्शियन जहाजावरून तोच अरबी समुद्राच्या मोहिमेवर निघाला. त्या मोहिमेला अरबी समुद्रात प्राणवायू जवळजवळ नसलेल्या पाण्याचा मोठा थर आढळला. त्या थराचा अभ्यास आजही चालू आहे. कमी प्राणवायूचं पाणी किनाऱ्याजवळ आलं की मासळी तिथून हलते, म्हणून कोकणातल्या मच्छीमाराचाही त्याच्याशी थेट संबंध आहे.

आज रत्नागिरीत झाडगावला सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र आहे, आणि शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय. तिथली मुलं-मुली समुद्राचे नमुने घेतात आणि शोधनिबंधावर स्वतःचं नाव लावतात. ज्या जिल्ह्यानं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हात पुरवले, त्याच जिल्ह्यात आता नावंही लिहिली जाऊ लागली आहेत.

आणि त्या जुन्या हातांची एक खूण अजून शिल्लक आहे. कोकणातल्या कुठल्याही बंदराच्या गावी शाळेचा हजेरीपट उघडा. तांडेल आणि सारंग अशी आडनावं भेटतील. जहाजावरचा हुद्दा घराण्याचं नाव होऊन बसला आहे.