शेजारच्या टेबलावरची माणसं

घड्याळं एक तास मागे गेली की इथल्या संध्याकाळी अंगावर येतात. पाच-साडेपाचलाच अंधार, डब्याच्या तळाशी उरलेला चिवडा आणि पुढे लांबलचक रात्र. अशा एका रात्रीसाठी मी तुम्हाला एक चित्रपट सुचवणार आहे. नाव तुमच्या ओळखीचं आहे, तुम्ही तो पाहिलाही असेल. १९४२ सालचा 'कॅसाब्लांका'. कृष्णधवल, जेमतेम पावणेदोन तासांचा. मुलं 'यात रंग नाहीत' म्हणून कुरकुर करतील. त्यांना चकल्या द्या आणि बसवा.

माझी अट एकच. या वेळी हम्फ्री बोगार्ट आणि इन्ग्रिड बर्गमन यांच्याकडे जरा कमी बघा. शेजारच्या टेबलावर कोण बसलंय, तिकडे बघा.

गोष्ट थोडक्यात सांगते. काळ डिसेंबर १९४१. युरोप हिटलरच्या टाचेखाली. जीव वाचवून निघालेली माणसं पॅरिसहून मार्सेलला, तिथून भूमध्य समुद्र ओलांडून ओरानला आणि मग आफ्रिकेच्या काठाकाठाने मोरोक्कोतल्या कॅसाब्लांका शहरात पोहोचतात. मोरोक्को फ्रान्सच्या ताब्यात आणि फ्रान्सचं सरकार जर्मनीपुढे वाकलेलं. इथून विमानाने लिस्बन आणि लिस्बनहून अमेरिका, असा मार्ग. पण बाहेर पडायला परवाना लागतो. पैसा, ओळख किंवा नशीब असेल त्याला तो मिळतो. बाकीचे थांबतात. रिक नावाच्या अमेरिकन माणसाच्या कॅफेत रोज संध्याकाळी हे थांबलेले लोक जमतात, दागिने विकतात, कुजबुजतात, डोक्यावरून जाणाऱ्या विमानाकडे बघतात. मग दोन कोरे प्रवास-परवाने रिकच्या हाती येतात आणि त्याची जुनी प्रेयसी आपल्या नवऱ्यासह दारात उभी राहते. पुढचं पडद्यावर बघा.

मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तो मुंबईत, कॉलेजात असताना. तेव्हा ती मला प्रेमकथा वाटली. दुसऱ्यांदा पाहिला तो इथे आल्यावर सातव्या वर्षी. तेव्हा आमचे कागद अडकलेले होते, पासपोर्टवरचा शिक्का संपलेला होता आणि वकिलाने बजावलं होतं, आता देशाबाहेर जाऊ नका, परत येता येईल याची खात्री नाही. तिकडे पुण्यात बाबा आजारी. त्यांची शेवटची दिवाळी मी फोनवर साजरी केली. त्या हिवाळ्यात टीव्हीवर 'कॅसाब्लांका' लागला आणि मला रिकची प्रेयसी दिसेचना. मला दिसले ते कागदांची वाट बघणारे लोक. इतक्या वर्षांत आपण यांच्याकडे पाहिलंच कसं नाही, असं वाटून गेलं.

आपलं थांबणं आणि त्यांचं थांबणं एका तराजूत घालता येणार नाही, हे मला कळतं. माझ्या मागे कोणी बंदूक घेऊन लागलं नव्हतं. त्यांच्या मागे लागलं होतं. आणि इथे 'त्यांच्या' म्हणजे केवळ पडद्यावरच्या पात्रांच्या नव्हे. म्हणूनच हे सगळं लिहिते आहे.

या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ज्या चौदा कलाकारांची नावं आहेत, त्यांतले अमेरिकेत जन्मलेले फक्त तिघे: बोगार्ट, पियानोवर बसणारा सॅम झालेला डूली विल्सन आणि बल्गेरियन नववधूच्या भूमिकेतली जॉय पेज. बाकीचे बाहेरून आलेले. त्यांतले कित्येक जण हिटलरमुळे घरदार सोडून निघालेले.

रिकच्या कॅफेतला जुगाराच्या चक्राजवळ उभा असलेला माणूस बघा. त्याच्या वाट्याला काही मोजकी वाक्यं आहेत. तो मार्सेल दालियो. फ्रान्समध्ये तो मोठा नट होता. झाँ रेन्वारच्या 'ला ग्रांद इल्युझिआँ' आणि 'ला रेगल द्यु झ्य' या चित्रपटांत त्याच्या प्रमुख भूमिका होत्या. तो ज्यू होता. जर्मनांनी पॅरिस घेतल्यावर 'ज्यू माणूस असा दिसतो' हे लोकांना दाखवण्यासाठी भिंतींवर याचाच चेहरा चिकटवला. त्याचे आईवडील छळछावणीत मेले. १९४० च्या जूनमध्ये तो पॅरिस सोडून निघाला, सोबत त्याची तरुण बायको, नटी मादलेन लबो. दोघं लिस्बनला पोहोचले, चिली देशाचे व्हिसा मिळवून जहाजात बसले आणि वाटेत मेक्सिकोत कळलं की ते व्हिसा खोटे आहेत. शेवटी कॅनडाचे तात्पुरते पासपोर्ट मिळाले, तेव्हा कुठे अमेरिकेत पाऊल ठेवता आलं. ही लबोही चित्रपटात आहे. रिकने झिडकारलेली इव्हॉन ती हीच.

गुबगुबीत गालांचा, प्रेमळ हेडवेटर कार्ल म्हणजे बुडापेस्टचा एस. झेड. साकाल. त्याच्या बहिणी नाझींच्या छावण्यांतून परत आल्या नाहीत. पत्नीसह परवान्यासाठी धडपडणारा बल्गेरियन तरुण म्हणजे हेल्मुट डान्टीन. व्हिएन्नात नाझींनी त्याला पकडून डांबलं होतं. चोरलेले परवाने विकायला निघालेला पीटर लॉरे १९३३ साली जर्मनीतून निघाला होता. आणि क्रूर जर्मन मेजर स्ट्रासर झालेला कॉनराड फाइट? तोही १९३३ सालीच जर्मनीबाहेर पडला. त्याची बायको ज्यू होती. ज्यांच्यापासून पळाला त्यांचाच गणवेश त्याने पडद्यावर चढवला, कारण हॉलिवूडमध्ये जर्मन उच्चारांच्या नटाला तेव्हा अशीच कामं मिळत. चित्रपट सगळीकडे पोहोचून काही महिने होतात न होतात तोच, एप्रिल १९४३ मध्ये तो वारला. युद्धाचा शेवट त्याला दिसला नाही.

एक वयस्क जोडपंही नजरेतून सोडू नका. त्यांना अमेरिकेचे कागद मिळालेत. आता आपण आपसांत इंग्रजीच बोलायचं, असं ठरवून ते एकमेकांना किती वाजले विचारतात आणि जर्मन शब्द जसेच्या तसे इंग्रजीत उतरवून अफाट घोळ घालतात. आपण हसतो. ज्यांनी आपल्या आईला इथल्या दुकानात पहिल्यांदा इंग्रजी बोलताना ऐकलंय, ते हसून झाल्यावर क्षणभर गप्प होतात. त्यातली बाई म्हणजे इल्का ग्र्युनिंग. बर्लिनमध्ये ती अभिनयाची शाळा चालवत असे.

दिग्दर्शक मायकल कर्टीझही बुडापेस्टचाच. तो हिटलरच्या आधी, १९२६ सालीच, कामासाठी अमेरिकेत आला होता. आजच्या भाषेत नोकरीच्या व्हिसावरचा म्हणा. त्याचं इंग्रजी शेवटपर्यंत सुधारलं नाही. असं सांगतात की एका दृश्यासाठी त्याने सेटवर 'पूडल' मागवला. सामान आणणाऱ्याने शोधाशोध करून कुत्रा हजर केला. साहेबांना हवं होतं ते पाण्याचं डबकं!

आता त्या प्रसंगाकडे या, ज्यासाठी हा चित्रपट पुन्हा पुन्हा बघावा. कॅफेत जर्मन अधिकारी पियानोभोवती उभे राहून आपलं देशभक्तीचं गाणं गातात. ते ऐकून बर्गमनचा नवरा, म्हणजे पॉल हेन्रीड, वाद्यवृंदापुढे जातो आणि फ्रान्सचं राष्ट्रगीत वाजवायला सांगतो. वादक रिककडे बघतात. रिक किंचित मान हलवतो. मग सगळा कॅफे उठून उभा राहतो, जर्मनांचा आवाज त्यात बुडून जातो आणि कॅमेरा मादलेन लबोच्या चेहऱ्यावर थांबतो. ती रडते आहे. अबदुल हा दारवान झालेल्या डॅन सेमूरने पुढे सांगितलंय की, त्या वेळी त्याने सेटवर इकडेतिकडे पाहिलं तर निम्मी माणसं खरोखर रडत होती; तेव्हा त्याच्या लक्षात आलं की हे सगळे खरे निर्वासित आहेत. पॅरिस पडून तेव्हा दोनच वर्षं झाली होती, आणि ते परत कधी सुटेल हे त्या खोलीतल्या कोणालाच माहीत नव्हतं.

हे सगळं घडलं कुठे? कॅलिफोर्नियातल्या बर्बँकच्या वॉर्नर ब्रदर्सच्या स्टुडिओत. मोरोक्कोला कोणी गेलं नाही. युद्धामुळे नव्या सेटच्या सामानावर प्रत्येक चित्रपटाला ५,००० डॉलरची मर्यादा होती. त्यामुळे शेवटचा विमानतळ स्टुडिओच्या आतच उभारला. मागचं विमान लाकूड-पुठ्ठ्याचं आणि लहान आकाराचं. ते खरं वाटावं म्हणून त्याच्याजवळ ठेंगण्या माणसांना मेकॅनिक म्हणून उभं केलं आणि वर भरपूर धुकं सोडलं. आज आपण त्या धुक्याला काव्य म्हणतो!

चित्रपटावर प्रेम असलं तरी त्याला काय दिसलं नाही, तेही पाहिलं पाहिजे. मोरोक्कोच्या शहरातली ही गोष्ट, पण मोरोक्कोची माणसं तीत फक्त गर्दीला आहेत. फ्रेंच स्वातंत्र्याचं गाणं जिथे घुमतं, तो देश स्वतः फ्रान्सच्या अंमलाखाली होता. तो १९५६ साली सुटला. चित्रीकरण ऑगस्ट १९४२ च्या सुरुवातीला उरकलं आणि त्याच ऑगस्टच्या ८ तारखेला मुंबईत गोवालिया टँक मैदानावर 'चले जाव'चा ठराव झाला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या जपानी वंशाच्या लोकांना घरं सोडायला लावून छावण्यांत नेलं जात होतं. देशभर त्यांची संख्या लाखाच्या वर गेली. आणि आपण? १९२३ सालच्या भगतसिंग थिंद खटल्यानंतर भारतीयांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळण्याची वाट बंद होती. ती उघडली १९४६ साली, आणि तीही वर्षाला १०० भारतीयांना प्रवेश इतकीच. रिकच्या कॅफेतले सगळे ज्या अमेरिकेची स्वप्नं बघत होते, तिच्या दारावर आपल्यासाठी तेव्हा कडी होती. युरोपातून निसटलेल्या सगळ्यांना तरी दार कुठे उघडलं? १९३९ साली नऊशेहून अधिक निर्वासितांना घेऊन आलेलं 'सेंट लुईस' जहाज अमेरिकेचा किनारा दिसत असताना परत फिरलं होतं.

याच लाटेतला एक माणूस मात्र आपल्या मुंबईच्या किनाऱ्याला लागला. वॉल्टर कॉफमन, ज्यू संगीतकार, १९३४ साली प्राग सोडून आला आणि मुंबई आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख झाला. सकाळी रेडिओ लावल्यावर जी आकाशवाणीची धून वाजायची आणि जिच्यावर आपल्यापैकी अनेकांच्या आयांनी चहाचं आधण ठेवलं, ती त्याची रचना. आपल्या घराचा आवाज म्हणून जो आपण मनात घेऊन इथे आलो, तो एका घर सुटलेल्या माणसाने रचलेला होता.

आता योगायोग बघा. ८ नोव्हेंबर १९४२ रोजी, ऐन दिवाळीच्या दिवसांत, दोस्तांच्या फौजा उत्तर आफ्रिकेत उतरल्या आणि कॅसाब्लांका हे नाव वर्तमानपत्रांत झळकलं. वॉर्नर बंधूंनी ही संधी सोडली नाही. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, २६ नोव्हेंबरला, न्यूयॉर्कमध्ये पहिला खेळ झाला. पुढच्या जानेवारीत चित्रपट देशभर लागला, तेव्हा रूझवेल्ट आणि चर्चिल खऱ्या कॅसाब्लांकात बसून युद्धाच्या योजना आखत होते. १९४४ च्या समारंभात उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि पटकथा असे तीन ऑस्कर त्याला मिळाले. दालियोला किंवा लबोला काही मिळालं नाही. युद्ध संपल्यावर दोघंही फ्रान्सला परतले. लबो २०१६ पर्यंत जगली; श्रेयनामावलीतल्या कलाकारांपैकी सर्वांत शेवटी गेली ती तीच.

'कॅसाब्लांका' आवडला तर पुढच्या शनिवारी 'होल्ड बॅक द डॉन' शोधा. १९४१ चा. मेक्सिकोच्या सीमेवर अमेरिकेच्या व्हिसासाठी खोळंबलेल्या लोकांची गोष्ट. लिहिणाऱ्या दोघांपैकी एक बिली वाइल्डर. बर्लिनहून निघालेला, ज्याची आई पुढे नाझींच्या हातून मारली गेली. १९३४ साली तो स्वतः मेक्सिकालीच्या अमेरिकन वकिलातीत उभा होता. लागतील त्यातले जेमतेम दोन-चार कागद हातात. आता आपल्याला परत पाठवणार, या भीतीने घाम फुटलेला. अधिकाऱ्याने विचारलं, काय काम करता? तो म्हणाला, चित्रपट लिहितो. अधिकारी खोलीत येरझारा घालत राहिला, मग त्याने पासपोर्टवर शिक्का मारला आणि म्हणाला, मग चांगले लिहा. ही हकिकत म्हाताऱ्या वाइल्डरने ऑस्करच्या व्यासपीठावर उभं राहून सांगितली होती, त्या अनोळखी अधिकाऱ्याचे आभार मानण्यासाठी.

माझा शिक्का आला तोवर बाबा गेले होते. ज्या अधिकाऱ्याने तो मारला, तिचा चेहराही मला आठवत नाही. तुमच्याकडेही अशी एक फाइल असेल, कपाटात सगळ्यात वर ठेवलेली. दिवाळीनंतरच्या एखाद्या रात्री चित्रपट संपला की ती खाली काढा आणि मुलांना दाखवा. आपण शेजारच्या कुठल्या टेबलावर किती वर्षं बसलो होतो, ते त्यांना कळू दे.