श्वानाचा आहार आणि यजमानाचे व्रत

राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर, म्हणजे इसवी सनापूर्वी २४३ च्या सुमारास, सम्राट अशोकाने जो पाचवा स्तंभलेख कोरविला, त्यात अवध्य प्राण्यांची एक लांबलचक यादी आहे. पोपट, मैना, चक्रवाक, हंस, वटवाघूळ अशी नावे तीत येतात. कुत्र्याचे नाव येत नाही. परंतु यादीपुढे काही अंतरावर एक आखूड आज्ञा आहे. एका जिवावर दुसऱ्या जिवाचे पोषण करू नये, असा तिचा आशय. वकिली पेशाचा दोष म्हणा, पण कायद्यातील लांब यादीपेक्षा तिच्या आसपासचे असे आखूड व सर्वव्यापी वाक्य मला नेहमीच अधिक गंभीर वाटत आले आहे. यादीतून सुटता येते, अशा वाक्यातून सुटता येत नाही. ही आज्ञा अक्षरशः घेतली, तर दाराशी बांधलेल्या कुत्र्यासमोर मांसाचा तुकडा टाकणारा गृहस्थही तिच्या कक्षेत येतो. मग त्या कुत्र्याने खावे काय? लेख याविषयी मौन धरतो.

हा प्रश्न केवळ पुराणवस्तुसंशोधकांचा नाही. देवालयाच्या आश्रयाने वाढलेल्या आपल्या समाजात शुद्ध शाकाहारी घरे पुष्कळ आहेत. आणि गोव्याकडे ज्या घरांत एरवी मासळी शिजते, तेथेही सोमवार, एकादशी आणि श्रावण पाळले जातात. घरात कुत्रा असला, तर यजमानाचे व्रत त्याच्याही थाळीत उतरते. कोणी त्याला पुण्य म्हणतो, कोणी क्रौर्य. दोन्ही पक्षांचे युक्तिवाद मी ऐकले आहेत; पुरावा मात्र दोघांपैकी कोणीच फारसा मांडीत नाही.

पुरावा जुना आहे. १९०९ साली म्हैसूरच्या आर. शामशास्त्री यांनी कौटिलीय अर्थशास्त्राची संहिता छापून प्रसिद्ध केली. तिच्यातील कोष्ठागाराध्यक्षाच्या प्रकरणात माणसांच्या व जनावरांच्या शिध्याची मापे दिली आहेत. तेथे कुत्र्याला एक प्रस्थ भात सांगितला आहे. हंस, क्रौंच व मोर यांना त्याच्या निम्मा. त्या ओळीत मांसाचा उल्लेख नाही. हे अहिंसेपोटी झाले असे मात्र समजू नये, कारण त्याच ग्रंथात खाटिकखान्यावर देखरेख करणाऱ्या सूनाध्यक्षाचेही स्वतंत्र प्रकरण आहे. सरकारी कोठारात धान्य विपुल होते आणि कुत्रा ते खाऊन काम देत होता, एवढाच त्याचा अर्थ. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायातील वैश्वदेवाच्या विधीत कुत्र्यासाठी भूमीवर अन्न ठेवावयास सांगितले आहे, तेही घरात शिजलेले अन्नच. कावळ्याचा घास आणि कुत्र्याचा घास आपल्याकडे अजूनही काढला जातो.

रोमकांचा अनुभव यापेक्षा निराळा नाही. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात व्हारो याने शेतीवर जो ग्रंथ लिहिला, त्यात मेंढपाळाच्या कुत्र्याला जवाची भाकरी शक्यतो दुधात कुस्करून द्यावी, असे सांगितले आहे. मेलेल्या मेंढीचे मांस त्याला चाखू देऊ नये, कारण एकदा चटक लागली की जिवंत मेंढीपासूनही तो दूर राहणार नाही. हा धनगरी व्यवहार झाला. पण पुढे हाच ग्रंथकार हाडांचा रस्सा आणि कुटलेली हाडेही द्यावयास सांगतो. भाकरीने पोट भरते खरे, तरी तिच्यात काहीतरी उणे राहते, हे त्या मेंढपाळांनी ओळखले होते. बडोद्याकडील वाचकांना पारशी शेजार परिचित आहे. त्या धर्मातील वेंदिदाद ग्रंथाचे तेरावे प्रकरण कुत्र्याविषयी आहे आणि त्यात दूध व चरबी यांच्या जोडीला मांस हाच कुत्र्याचा योग्य आहार ठरविला आहे. कुत्र्याची इतकी कदर करणारे धर्मशास्त्र दुसरे क्वचितच सापडेल. तेव्हा मांस घालणारा तेवढा निर्दय, असे सरसकट म्हणण्याची सोय राहत नाही.

भाकरीत उणे राहते ते नेमके काय, हे कळावयास एकोणिसावे आणि विसावे शतक यावे लागले. आणि ते कळले कसे, हा या इतिहासातील सर्वांत कष्टदायक भाग आहे. १८१६ साली फ्रान्समध्ये मॅजेंडी या शरीरशास्त्रज्ञाने कुत्र्यांना केवळ साखर आणि पाणी, काहींना केवळ तेल, काहींना केवळ डिंक देऊन पाहिले. कुत्री वाळत गेली, त्यांच्या डोळ्यांत व्रण झाले, आणि महिन्याभराच्या आसपास ती मेली. नत्रयुक्त पदार्थावाचून प्राणी जगत नाही, हा धडा त्यातून मिळाला. पुढे १९१९ च्या सुमारास इंग्लंडात एडवर्ड मेलनबी याने पिल्लांना घरात कोंडून ओटच्या लापशीसारख्या धान्यान्नावर वाढविले. त्यांचे पाय वाकले, हाडे मऊ झाली. कॉड माशाचे तेल देताच विकार थांबला. मुडदुशीवरील उपाय मानवजातीला मिळण्यात या पिल्लांचा वाटा मोठा आहे. माणसाच्या कातडीत सूर्यप्रकाशाने ड जीवनसत्त्व तयार होते तसे कुत्र्याच्या कातडीत पुरेसे होत नाही, ते अन्नातूनच मिळावे लागते, हे तर त्याहूनही पुष्कळ उशिरा उमगले. अमेरिकेत मक्यावर पोसलेल्या कुत्र्यांना काळी जीभ नावाचा रोग होई. माणसांतील पेलाग्राचाच तो भाऊ. १९३७ मध्ये कॉनराड एल्वेजेम याने निकोटिनिक आम्लाने तो बरा करून दाखविला.

या तिन्ही प्रयोगांचा निष्कर्ष एकच निघतो. ती कुत्री मांसावाचून आजारी पडली नाहीत. मांसात असलेल्या काही विशिष्ट द्रव्यांवाचून पडली, आणि ती द्रव्ये अन्य मार्गानेही देता येतात. जिवाने जिवाचे पोषण करू नये ही आज्ञा आज आपण कुत्र्याच्या बाबतीत पाळू शकतो. परंतु ती पाळण्याचे ज्ञान कुत्र्यांच्याच प्राणांवर मिळविलेले आहे. अहिंसेचा अभिमान बाळगणाऱ्याने हे ऋण विसरून चालणार नाही.

अलीकडचा पुरावा पाहता मांसाविना आहाराच्या बाजूचे पारडे पूर्वीपेक्षा जड झाले आहे. स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ साली लांडगे आणि कुत्रे यांच्या आनुवंशिक रचनेची तुलना केली. पिष्ट पचविणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. शेतकऱ्याच्या उष्ट्यावर हजारो वर्षे जगताना कुत्र्याचे पोटच पालटले. अर्थशास्त्रातील तो प्रस्थभर भात वाया जात नव्हता, हे आता कळते. त्यापूर्वीच, २००९ मध्ये, बर्फावर गाडी ओढणाऱ्या १२ सायबेरियन हस्की कुत्र्यांवर झालेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. त्यांतील निम्म्यांना १६ आठवडे मांसाविना, परंतु शास्त्रोक्त रीतीने पूर्ण केलेला आहार दिला गेला. त्यांतील १० आठवडे शर्यतींचे होते. त्यांच्या रक्तात काही उणीव आढळली नाही. कुत्रे थोडे आणि मुदतही थोडी, हे खरे. पण श्रम थोडे नव्हते. २०२२ साली अडीच हजारांवर कुत्र्यांच्या मालकांना विचारून केलेली पाहणी निघाली आणि तीतही वनस्पतिजन्य आहाराला अनुकूल निष्कर्ष आले. मात्र तेथे साक्ष मालकांची आहे. ज्याने व्रत घातले त्यालाच व्रताचे फळ विचारणे, अशी साक्ष कोणतेही न्यायालय जपूनच घेईल. उलट पक्षी, २०१८ मध्ये अमेरिकन सरकारच्या अन्न व औषध खात्याने वाटाणा, मसूर यांसारखी कडधान्ये पुष्कळ घातलेल्या काही खाद्यांचा हृदयविकाराशी संबंध आहे काय, याची चौकशी आरंभिली. कार्यकारणभाव सिद्ध झाला नाही, तथापि संशय पुरता फिटलेलाही नाही.

मांजराचा दावा मात्र वेगळा चालवावा लागेल. टॉरिन हे द्रव्य कुत्रा इतर द्रव्यांपासून आपल्या शरीरात बनवितो. मांजराला ते पुरेसे बनविता येत नाही आणि त्यावाचून त्याची दृष्टी जाते. मांजराला दूधभातावर ठेवणाऱ्या घरातील मांजर बहुधा उंदरांवर जगत असते. यजमानाला ते दिसत नाही, इतकेच.

आता आपल्या कायद्याकडे वळू. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमाच्या तिसऱ्या कलमाने ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याच्यावर त्याच्या स्वास्थ्याची जबाबदारी टाकली आहे, आणि अकराव्या कलमाने मालकाने पुरेसे अन्न न देणे हा अपराध ठरविला आहे. कायद्यातला शब्द ‘पुरेसे’ असा आहे. सात्त्विक किंवा तामस, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. अज्ञान मुलाचा पालक आपली मते मुलाच्या मिळकतीवर लादू शकत नाही, मुलाचे हित त्याला पाहावे लागते. कुत्रा हा तर जन्मभराचा अज्ञान. तो उपास सोडून शेजारी जेवावयास जाऊ शकत नाही, निदान साखळीत असताना नाही.

म्हणून माझे मत असे की, कुत्र्याला मांसावाचून ठेवण्यास हरकत नाही, परंतु ते ठेवणे म्हणजे आपल्या पानातील वरणभात त्याच्यापुढे सारणे नव्हे. दाररोज सोयाबीन किंवा डाळीसारखे प्रथिन, दूध-दही मानवत असेल तर तेही, हाडांसाठी योग्य प्रमाणात चुना, आणि ड व ब-१२ ही जीवनसत्त्वे पशुवैद्याच्या सल्ल्याने वेगळी द्यावी लागतात. नाहीतर या कामासाठीच केलेले पूर्ण खाद्य आणावे लागते. वाढते पिल्लू आणि गाभण कुत्री यांच्यावर पशुवैद्याच्या देखरेखीवाचून हा प्रयोग करूच नये. मेलनबीची पिल्लेही धान्यावरच वाढत होती. आणि नैवेद्य दाखविल्यावर कुत्र्याचा घास काढताना शिऱ्यातील बेदाणे व मनुका वेचून टाकाव्या. द्राक्षे, मग ती सुकलेली का असेनात, कुत्र्याच्या मूत्रपिंडास घातक ठरू शकतात. कांदाही त्याच्या रक्ताला बाधतो, पण देवाच्या नैवेद्यात तो असत नाही.