रात्री उशिरापर्यंत शेजारच्या विद्यार्थ्यांचा धिंगाणा? रहिवासी काय करू शकतात, काय नाही

रात्रीचे साडेबारा वाजलेत. वरच्या मजल्यावरच्या खोलीत वाढदिवस सुरू आहे, खाली बाइकचे सायलेन्सर फाटतायत आणि शेजारच्या आजोबांना सकाळी सहाला गोळी घ्यायची आहे. कॉलेज आणि भाड्याच्या खोल्या जिथे जवळजवळ असतात, तिथे हे चित्र नवीन नाही. मग सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मागणी सुरू होते, "विद्यार्थ्यांना खोल्याच देऊ नका!"

सिंधुदुर्गातल्या वाचकांसाठी या प्रश्नाला दोन बाजू आहेत. ओरोस, कुडाळ, सावंतवाडी, मालवण इथे बाहेरगावची मुलं शिकायला येतात. त्याच वेळी जिल्ह्याचं स्वतःचं विद्यापीठ नसल्याने इथली अनेक मुलं बारावीनंतर कोल्हापूर, पुणे, मुंबई किंवा गोव्यात खोली शोधतात. म्हणजे इथला घरमालक तिथल्या भाडेकरूचा बापही असू शकतो.

कायदा काय सांगतो?

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ ही 'रात्र' धरली जाते. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालयाच्या १०० मीटर परिसरातल्या शांतता क्षेत्रात ती अनुक्रमे ५० आणि ४० आहे. घरातला खासगी स्पीकरही यातून सुटत नाही. त्याचा आवाज घराच्या हद्दीवर ठरलेल्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त असता कामा नये.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतली ही कलमंही महत्त्वाची:

- कलम २९२: सार्वजनिक उपद्रव. १,००० रुपयांपर्यंत दंड.
- कलम २९६: सार्वजनिक ठिकाणी इतरांना त्रास होईल असं अश्लील वर्तन किंवा गाणी. तीन महिन्यांपर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.
- कलम ३५५: दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी त्रास देणं. २४ तासांपर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड, दोन्ही किंवा समाजसेवेची शिक्षा.

तक्रार कशी करावी?

१. आधी बोला. शक्यतो दुसऱ्या दिवशी, शांतपणे. बऱ्याच मुलांना भिंतीपलीकडे किती ऐकू जातं याचा अंदाजच नसतो.

२. नोंद ठेवा. तारीख, वेळ, काय झालं, किती वेळ चाललं. "नेहमीच त्रास असतो" यापेक्षा "या महिन्यात पाच वेळा, रात्री १२ नंतर" हे वजनदार ठरतं.

३. घरमालकाला लेखी कळवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे. शांततेची अट करारातच घातली, तर पुढचे वाद कमी होतात.

४. त्रास सुरू असतानाच ११२ वर फोन करा. नाव उघड होईल म्हणून अनेक जण गप्प बसतात. याबाबत मुंबईतल्या कुर्ल्याच्या नेहरूनगरमधल्या रहिवाशांच्या संघटनेचं प्रकरण उपयोगी आहे. प्रार्थनास्थळांवरच्या भोंग्यांविषयीच्या त्यांच्या याचिकेवर २३ जानेवारी २०२५ रोजी निकाल देताना मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की आवाजाच्या तक्रारीवर कारवाई करताना पोलिसांनी तक्रारदाराची ओळख उघड करू नये.

५. त्रास थांबतच नसेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली सार्वजनिक उपद्रव बंद करण्याच्या आदेशासाठी जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

काय करू नये?

परस्पर वीज-पाणी तोडणं, सामान बाहेर काढणं, खोलीत घुसणं हे मार्ग नाहीत. असं करणारा रहिवासीच अडचणीत येऊ शकतो. मुलामुलींचे व्हिडिओ काढून इन्स्टाग्रामवर टाकणंही टाळा. पुरावा असेल तर तो पोलिसांना द्या. बदनामीकारक मजकुरासाठी कलम ३५६ आहेच.

"बॅचलर नकोत" असा ठराव सोसायटी करू शकते का? सहकार खात्याच्या आदर्श उपविधींनुसार सदनिका भाड्याने देताना सभासदाला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. आधी कळवणं आणि कागदपत्रं देणं पुरेसं असतं.

दुसरीकडे काय केलं?

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात ओटागो विद्यापीठाच्या परिसरात विद्यार्थी रस्त्यावर सोफे जाळायचे. विद्यापीठाने आपली शिस्तीची नियमावली कॅम्पसबाहेरच्या वर्तनालाही लावली आणि 'कॅम्पस वॉच' नावाचं गस्तीपथक आसपासच्या रस्त्यांवर फिरवलं. हे पथक दंगा थांबवतं, तसंच रात्री एकट्या पडलेल्या विद्यार्थ्याला सुरक्षित घरीही पोहोचवतं.

आपल्याकडे कॉलेज, घरमालक, रहिवासी आणि पोलीस यांनी सत्राच्या सुरुवातीला एकदा एकत्र बसायला काही कायदा लागत नाही. शेजाऱ्याला झोपेचा हक्क आहे आणि मुलांना शिकण्यासाठी छप्पर हवं आहे. म्हणून तक्रार वागण्याची करा, विद्यार्थी असण्याची नको. उद्या मालवणची कुणी मुलगी पुण्यात खोली शोधेल, तेव्हा दार उघडं असायला हवं.