किल्ल्यांचा जुडगा

निवृत्ती म्हटली की आपल्याला पेन्शन आठवते. निवृत्तीचा इतिहास पाहू लागलो तेव्हा मीही तिथूनच सुरुवात केली. १८८९ साली बिस्मार्कच्या जर्मनीने कामगारांसाठी वृद्धत्वाच्या विम्याचा कायदा केला आणि वयाची अट ७० वर्षांची ठेवली. पण जपानच्या इतिहासात शिरलो आणि गोष्ट फार मागे गेली. तिथली ‘इन्क्यो’ची चाल या कायद्याहून कितीतरी जुनी. घरच्या कर्त्याने जिवंतपणीच कारभार वारसाच्या हाती द्यायचा आणि आपण बाजूला व्हायचे.

व्हायचे खरे, पण होणे सोपे नव्हे. तोकुगावा इएयासूने १६०५ मध्ये शोगुनपद मुलाला दिले. सत्तेची सूत्रे मात्र १६१६ मध्ये मरेपर्यंत स्वतःकडेच ठेवली.

इनो तादाताकाने किल्ल्यांचा जुडगा खरोखरच सोडला. सावारा गावी त्याच्या घराण्याचा साके, म्हणजे तांदळाची दारू, बनवण्याचा आणि धान्याचा व्यापार होता. पन्नाशीच्या उंबरठ्यावर तो मुलाकडे सोपवून १७९५ मध्ये इनो एदोला, आजच्या टोकियोला, गेला आणि खगोलशास्त्र शिकण्यासाठी ताकाहाशी योशितोकीचा शिष्य झाला. गुरू त्याच्याहून १९ वर्षांनी लहान! रेखावृत्ताच्या एका अंशाची लांबी किती, या प्रश्नाने त्याला झपाटले. ती मोजायला उत्तर-दक्षिण असा लांबचा पल्ला हवा होता. रशियाच्या हालचालींमुळे शोगुनच्या सरकारलाही उत्तरेकडील एझो बेटाचा नकाशा हवा होता, परवानगी मिळाली. १८०० मध्ये, वयाच्या ५५ व्या वर्षी, बहुतांश पदरच्या पैशाने तो पावले मोजत निघाला. मोजणीच्या मोहिमा १८१६ पर्यंत चालल्या. १८१८ मध्ये तो वारला. शिष्यांनी त्याचा मृत्यू गुप्त ठेवून १८२१ मध्ये जपानचा नकाशा पुरा केला.

मात्र इनोच्या पावलांमागे व्यापाराची कमाई होती, हे विसरून चालणार नाही. ज्याच्याकडे सोपवायला दुकान नाही की शेत नाही, त्या मजुराला कसली इन्क्यो? हात चालतील तोवर राबणे हेच त्याचे म्हातारपण. १८८९ च्या कायद्याचे मोल मला या जपानी वाटेने जाऊन आल्यावर अधिक कळले. पेन्शन चूल पेटती ठेवते, आणि ते थोडे नाही. पण हातातला जुडगा खाली ठेवणे आणि धाकट्या गुरूपुढे पुन्हा पाटी घेऊन बसणे, हे ज्याचे त्यालाच करावे लागते.