हळदीचं पेटंट

उसाचा पाला काढताना बोट कापलं, की गडमुडशिंगीत आम्ही आधी हळदीचा डबा शोधतो. पुढं विको टर्मरिकसारख्या क्रीमच्या ट्यूबा आल्या, तरी डबा काही सुटला नाही.

ह्याच हळदीवर १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळालं. हळदीनं जखम भरते, हा म्हणे नवा शोध! इथं शेजारी सांगलीत हळदीचा केवढा बाजार, आणि शोध मिसिसिपीत.

गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख होते. संस्थेनं १९९६ मध्ये पेटंटला आव्हान दिलं. "आमच्या आज्या लावायच्या" एवढ्यावर भागत नव्हतं. छापील पुरावा हवा होता. जुन्या संस्कृत ग्रंथांपासून १९५३ च्या वैद्यकीय लेखापर्यंत ३२ पुरावे गोळा केले, तेव्हा १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. आज्यांचं नाव त्यात कुठंच नव्हतं.

म्हणून आम्ही बचत गटाच्या वहीत, हप्त्यांच्या मागच्या पानांवर, म्हाताऱ्यांचे उपाय लिहायला घेतलेत. हळदीपुढं लिहिलंय: फक्त किरकोळ खरचटल्याला, आधी जखम धुवून. गंजका विळा खोल लागला तर दवाखाना, धनुर्वाताचं इंजेक्शन.