आमच्या दिंडीची पंगत

शंभर वर्षांची दिंडी म्हटली की पहिले विणेकरी, पहिली बैलगाडी, मुक्कामाची गावं, हे सगळं आठवतं. त्यावर या अंकात इतरांनी लिहिलंच आहे. आम्ही पंगतीचं लिहितो, कारण ते लिहायला कुणी पुढं होईना.

वारीत भेटेल त्याच्या पाया पडायचं, जात विचारायची नाही, ही आपली रीत. पण याच दिंडीत पूर्वी मुक्कामाला दोन पंगती बसत. गावकुसाबाहेरची माणसं पालापलीकडे जेवत, त्यांना पाणी वरून ओतलं जाई. सकाळी ज्याच्या पायावर डोकं ठेवलं, संध्याकाळी त्याचाच तांब्या बाजूला! आणि यात कुणाला वावगं वाटत नसे. आमच्याच दिंडीत हे होतं असं नाही. इरावतीबाई कर्वे वारीत चालल्या, तेव्हा भजन एकत्र आणि जेवण वेगळं हे त्यांनाही दिसलं. ‘वाटचाल’ या लेखात त्यांनी ते लिहून ठेवलं आहे.

चोखोबांची समाधी महाद्वारापाशी, नामदेव पायरीजवळ आहे. मंगळवेढ्याला गावकूस कोसळून ते गेले, नामदेवरायांनी अस्थी पंढरीला आणल्या, असं परंपरा सांगते. त्या समाधीला हात लावून आमचे वाडवडील आत जात. चोखोबांच्या माणसांना मात्र तिथूनच माघारी फिरावं लागे. सहाशे वर्षं!

मग साने गुरुजी आले. गावोगाव फिरून त्यांनी लोकांना विनवलं आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपास धरला. १० मे रोजी तो सुटला, मंदिर हरिजनांना खुलं झालं. ज्यांना देवळाचं दार कधीच बंद नव्हतं, त्यांनी हा उपास केला, हे आम्हाला फार मोठं वाटतं.

त्याच वर्षीच्या आषाढीची गोष्ट म्हातारी माणसं सांगत. एकादशी झाली, द्वादशीला पारण्याची पंगत बसली. विणेकरी बाबांनी आपली पत्रावळ उचलली आणि पलीकडच्या पंगतीत जाऊन बसले. कुणीतरी म्हणालं, “बाबा, हे काय मांडलंय?” बाबा म्हणाले, “माउली, पंढरीचं दार उघडलं. आपल्या पालाचं अजून बंदच हाय.”

काहीजण तसेच भरल्या पानावरून उठले. काही घरं पुढं तीन-चार वर्षं वारीला आली नाहीत. त्या उठून गेलेल्यांत हे लिहिणाऱ्या आमच्यापैकी दोघांचे आजोबा होते. घरात ही गोष्ट निघाली की विषय बदलायचा, हेच आम्ही लहानपणी पाहिलं. स्मरणिकेत हे घालावं की नाही यावर बैठकीत बराच वाद झाला. शेवटी त्या दोन्ही घरांनीच सांगितलं, घाला.

त्यातले एक आजोबा पुढं परत आले. त्या दिवशी पाणी वाढायला पलीकडच्याच पंगतीतला पोरगा होता. आजोबा थोडा वेळ खाली बघत बसले. मग त्यांनी तांब्या पुढं केला.