कोंबड्या झोपल्या, रुग्ण जागेच

1540 च्या सुमारास व्हालेरियुस कोर्डुस या जर्मन तरुणाने मद्यार्कात गंधकाम्ल मिसळून ऊर्ध्वपातन केले आणि हाती आलेल्या द्रवाला ‘व्हिट्रिऑलचे गोड तेल’ म्हटले. 1544 मध्ये, तिशीही न गाठता, तो रोममध्ये वारला. कृती छापून आली 1561 मध्ये, कोनराड गेसनरच्या खटपटीने. कोर्डुसच्याच काळात पॅरासेल्सस या वैद्याने कोंबड्यांवर या तेलाचा परिणाम नोंदवून ठेवला: दाण्यातून दिले की त्या गाढ झोपतात आणि काही वेळाने धडधाकट उठतात. म्हणजे भुलेचे रसायन आणि भुलेचे निरीक्षण, दोन्ही तेव्हाच तयार होते. शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोचायला मात्र आणखी तीनशे वर्षे गेली.

मधल्या काळात ते अडगळीत पडले नव्हते. 1730 च्या सुमारास फ्रोबेनियसने त्याला ईथर हे नाव दिले. हॉफमन या वैद्याचे ईथर-मद्यार्काचे थेंब लोक पेटक्यांवर घेत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतली तरुण पोरे तर मौजेखातर ईथर हुंगत. झिंगून पडत, खरचटून घेत आणि लागल्याचे त्यांना कळतही नसे. जॉर्जियातल्या जेफरसन गावचा डॉक्टर क्रॉफर्ड लाँग याने यातून बोध घेतला. 30 मार्च 1842 रोजी ईथर हुंगवून त्याने एका तरुणाच्या मानेवरची गाठ काढली. पण 1849 पर्यंत त्याने हे छापलेच नाही, आणि तोवर श्रेय बॉस्टनला गेले होते.

बॉस्टनचा विल्यम मॉर्टन दंतवैद्य होता, हा मला योगायोग वाटत नाही. सर्जनकडे रुग्ण नाइलाजाने येई. चौघे त्याला धरून ठेवत, आणि ज्याचा हात झटपट तो सर्जन मोठा. दाताचे तसे नव्हते. मॉर्टनला कवळ्या विकायच्या होत्या, कवळी नीट बसायला जुनी मुळे उपटावी लागत, आणि त्या धास्तीने गिऱ्हाईक परत फिरे. वेदना घालवण्याची गरज त्याच्या गल्ल्याला होती. 16 ऑक्टोबर 1846 रोजी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात त्याने गिल्बर्ट ॲबटला ईथर दिले, जॉन वॉरनने जबड्याखालची गाठ कापली, आणि रुग्ण शांत राहिला. पेटंटच्या लोभाने मॉर्टनने द्रवात रंग आणि सुवास मिसळून त्याला ‘लेथिऑन’ म्हटले. पण ईथरचा वास लपतो थोडाच!

ईथर 34.6 अंश सेल्सियसला उकळते. विदर्भातला उन्हाळा त्याला पुरून उरतो. उष्ण देशांतल्या डॉक्टरांना म्हणून क्लोरोफॉर्म सोयीचा वाटला, शिवाय तो पेटतही नाही. मात्र त्याने हृदय एकाएकी थांबू शकते. ईथरखाली श्वास आणि नाडी पुष्कळ वेळ तग धरतात. त्यामुळे तोंडावर जाळीचा मुखवटा, त्यावर गॉज आणि गॉजवर थेंब थेंब ईथर, ही पद्धत भारतातल्या लहान रुग्णालयांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही टिकली. शुद्धीवर येताना उलट्यांनी जीव नकोसा होई, पण जीव राहत असे. पुढे विजेच्या उपकरणाने रक्तवाहिन्या डागणे रूढ झाले, त्याच्या ठिणगीने ईथर पेटण्याची भीती असे, 1956 पासून न पेटणारे हॅलोथेन आले, आणि ईथर मागे पडले.

प्रयोगशाळेतून ते हलले नाही. स्निग्ध पदार्थ विरघळवते, पाण्यावर वेगळा थर धरते आणि काम झाले की चटकन उडून जाते. 1900 मध्ये व्हिक्टर ग्रिन्यार याने कार्बन-मॅग्नेशियमची संयुगे घडवली तीही ईथरमध्येच. ईथरमधला ऑक्सिजन मॅग्नेशियमला धरून ठेवतो, म्हणून ती टिकतात. (पेट्रोलियम ईथर हे मात्र नावाचेच ईथर, तो पेट्रोलियमचा हलका अंश.)

हे उडून जाणेच घातकही आहे. ईथरची वाफ हवेच्या अडीचपट जड. ती ओट्यावरून घरंगळत दूरच्या बर्नरपर्यंत जाते आणि ज्योत उलट बाटलीकडे धावते. दुसरा धोका सावकाश वाढतो. हवा आणि उजेड लागला की ईथरमध्ये पेरॉक्साइडे साचतात. ईथरपेक्षा ती उशिरा उडतात, त्यामुळे ऊर्ध्वपातन कोरडे होईपर्यंत चालवले तर तळाशी उरतो तो स्फोटक. म्हणून तपकिरी बाटली, उघडल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी आणि वापरण्याआधी पोटॅशियम आयोडाइडची चाचणी. जुन्या बाटलीच्या झाकणाभोवती खडे दिसले, तर झाकण फिरवू नये, बाटली हलवूही नये. खोली रिकामी करून स्फोटके निकामी करणाऱ्यांना बोलवावे.